‘आमची कुठेही शाखा नाही’ : ‘द फाउंडर’ फुलंब्रीतून पाहताना

‘द फाउंडर’ या सिनेमात टेनिस कोर्टावरचा एक प्रसंग आहे. तो तुकडा रील होऊन तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल, कारण धंदा शिकवणाऱ्या पेजेसना तो फार आवडतो. डिक मॅकडोनाल्ड खडूने कोर्टावर अख्खं स्वयंपाकघर आखतो. इथे तवा, इथे फ्राइज, इथे शेकचं मशीन. मग दुकानातल्या पोरांना त्या रेषांमध्ये उभं करतो आणि नुसता अभिनय करायला लावतो. हातात बन नाही, पॅटी नाही, तरी हात चालू. दोघं एकमेकांवर आदळले की रेषा पुसायच्या, नव्या आखायच्या, पुन्हा सुरू. दुपार सरते तसं त्या पोरांचं हलणं एखाद्या बसवलेल्या नाचासारखं दिसू लागतं.

सिनेमातला हा सगळ्यात सुंदर प्रसंग आहे, यात वाद नाही. माझा वाद सुंदर या शब्दाशीच आहे, पण त्याआधी गोष्ट थोडक्यात सांगतो. सिनेमा २०१६चा. दिग्दर्शक जॉन ली हँकॉक, पटकथा रॉबर्ट सिगल यांची. १९५४ साली बावन्न वर्षांचा रे क्रॉक (मायकेल कीटन) मिल्कशेकची यंत्रं गाडीत टाकून गावोगाव फिरतोय आणि बहुतेक ठिकाणी ‘नको’ ऐकतोय. एवढ्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावातून अनेक यंत्रांची एकत्र ऑर्डर येते. कुतूहलापोटी तो तिथे जातो तर खिडकीपुढे रांग, आणि पैसे दिल्यावर अर्ध्या मिनिटात हातात बर्गर. डिक आणि मॅक या भावांनी १९४८ साली आपलं चालतं दुकान काही महिने बंद ठेवून, मेनू छाटून, ताटवाट्या आणि वाढप्या मुली काढून टाकून ही पद्धत बसवलेली असते. क्रॉक त्यांच्याकडून शाखा काढण्याचे हक्क मिळवतो, पुढे त्यांनाच बाजूला सारतो आणि १९६१मध्ये २७ लाख डॉलरना सगळं विकत घेतो. सगळं म्हणजे त्यांचं आडनावसुद्धा.

बहुतेक परीक्षणांनी याची सरळ वाटणी केली : भाऊ म्हणजे कारागीर आणि क्रॉक म्हणजे लांडगा. यूट्यूबवरचे आपले मोटिव्हेशनवाले तीच वाटणी उलटी करतात. क्रॉक म्हणजे जिद्द, आणि भाऊ म्हणजे ‘स्मॉल थिंकिंग’. दोन्ही वाचनं सिनेमाने आयती वाढलेली आहेत. कीटनचं काम इतकं मोहक आहे की आपण त्याच्या बाजूने झुकतो आणि मग झुकल्याची लाज वाटते. सिनेमाला एवढंच हवं असतं.

फुलंब्रीतून पाहिलं की मात्र वेगळ्या जागा टोचतात.

पहिली जागा तेच टेनिस कोर्ट. संभाजीनगर–सिल्लोड रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या नाष्ट्याच्या हॉटेलात जा. कढईवरचा माणूस हा त्या हॉटेलचा खरा भांडवलदार असतो. तो सुट्टीवर गेला की गिऱ्हाईक एक घास खाऊन सांगतं, ‘आज तो नाही का?’ मालक त्याला जपतो, उचल देतो, त्याचं बोलून घेतो, कारण तेलाचा अंदाज त्याच्या हातात आहे आणि तो हात कागदावर उतरवता येत नाही. मॅकडोनाल्ड भावांनी खडूने नेमकं हे उतरवलं. पॅटी किती वेळ भाजायची, मोहरी किती थेंब, लोणच्याच्या चकत्या किती. त्यानंतर कढईवरच्या माणसाची गरज संपली आणि उरली एक जागा. त्या जागेवर आज हा, उद्या तो. तुमच्या-माझ्या वर्गातली जी मुलं बारावीनंतर शहरातल्या मॉलमध्ये टोपी घालून उभी राहतात, ती त्या खडूच्या रेषेत उभी आहेत.

हे काम क्रॉकने केलेलं नाही, सज्जन भावांनी केलं. सिनेमा इथेच डोळेझाक करतो. त्याला भावांची शालीनता एवढी हवी आहे की त्यांनी काढून टाकलेल्या माणसांकडे तो वळूनही बघत नाही. दुसरीही बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. कढईवरच्या माणसाला जपणारा मालक हा बऱ्याचदा कपबशी विसळणाऱ्या पोराला नऊ तास उभं ठेवून हिशोब न देणाराही असतो. टोपीवाल्या नोकरीत पगाराची स्लिप मिळते, पीएफ कापला जातो, आणि जात विचारून कोणी कामाची जागा ठरवत नाही. आपल्याकडे हे शेवटचं लहान नाही. म्हणून ‘साखळी वाईट, गावातलं हॉटेल चांगलं’ असा सोपा कौल मी देणार नाही.

दुसरी जागा. भाऊ शाखा काढायला तयार नसतात. कधी प्रयत्नच केला नाही असं नाही. काढल्या होत्या, पण लांबच्या दुकानात काय शिजतंय यावर लक्ष ठेवता येईना, म्हणून हात आखडला. मराठी वाचकाला हे लगेच कळतं. ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी आपण विनोद म्हणून फॉरवर्ड करतो, पण तिच्यात धंद्याचं एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे : माझ्या मालाची हमी माझ्या डोळ्यांपुरतीच आहे. डिक मॅकडोनाल्ड पुण्यात जन्मला असता तर त्याने दुपारी एक ते चार दुकानही बंद ठेवलं असतं.

क्रॉक त्यांना पटवतो तो प्रसंग हुशार आहे. तो म्हणतो, मी एवढी गावं फिरलो, प्रत्येक गावात दोन गोष्टी दिसतात, कोर्टावरचा झेंडा आणि चर्चचा क्रूस. तुमच्या दुकानाच्या सोनेरी कमानी ही तिसरी खूण का होऊ नये? लोक तिथे जमतील, भाकरी मोडतील. भाऊ विरघळतात. मला हा प्रसंग पाहताना तहसीलचा झेंडा, देवळाचा कळस आणि मशिदीचा मिनार दिसत होता. आपल्या रस्त्यांवर तिसऱ्या खुणेची जागा कित्येक वर्षं पेट्रोल पंपाने आणि चहाच्या टपरीने धरून ठेवलेली होती. आता तिथे ठरावीक रंगाच्या, ठरावीक लोगोच्या चहाच्या पाट्या येताहेत आणि ‘अमृततुल्य’ हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. पुण्यात तो एका प्रकारच्या चहाच्या दुकानाचा सामायिक शब्द होता, कुणा एकाचा नव्हता. आज त्याच्या आधी एकेक आडनाव किंवा लाडकं नाव जोडून फ्रँचायझी विकली जाते.

फ्रँचायझी कोण घेतो? सिनेमाचा मधला भाग इथे फार कामाचा आहे आणि रीलवाले तो कधीच दाखवत नाहीत. क्रॉक पहिल्या शाखा आपल्या क्लबातल्या पैसेवाल्या मित्रांना देतो. ते दुकानाकडे फिरकत नाहीत. पॅटी जळते, आवारात कचरा साचतो, कुणी मेनूत तळलेली कोंबडी घुसवतं. मग क्रॉक मोर्चा वळवतो. बायबल विकत दारोदार फिरणारा, नवराबायको मिळून राबायला तयार असलेलं जोडपं, ज्यांची सगळी पुंजी यात अडकणार आहे अशी माणसं तो शोधतो. हिशोब साधा आहे : ज्याला गरज आहे तो नियम मोडत नाही. सिनेमा हे उमेदीच्या संगीतावर दाखवतो. मला ते पाहताना ‘अवघ्या इतक्या लाखांत स्वतःचा ब्रँडेड व्यवसाय’ या जाहिराती आठवल्या. रस्ता रुंद झाल्यावर मोबदल्याचे चार पैसे हातात आलेलं घर, नोकरी न लागलेला मुलगा, आणि फ्रँचायझीचं ब्रोशर. क्रॉकला गिऱ्हाईक शोधावं लागलं, इथे ते इन्स्टाग्रामच शोधून देतं.

या जाहिराती पाहणाऱ्यांसाठी एक साधी माहिती, परीक्षणात बसत नसली तरी. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्सची दुकानं वेस्टलाइफ ही कंपनी आपल्या उपकंपनीमार्फत स्वतः चालवते. दुकानागणिक फ्रँचायझी ती वाटत नाही. ‘मॅकडोनाल्ड्सची फ्रँचायझी मिळवून देतो, नोंदणीचे पैसे भरा’ असा मेसेज आला की तो फसवणुकीचा आहे.

आता जमिनीकडे. क्रॉक कर्जात बुडत असताना बँकेत त्याला हॅरी सोनेबॉर्न भेटतो आणि हिशोब उलगडतो : तू बर्गर विकत नाहीस, तू जमिनीच्या धंद्यात आहेस. मूळ करारात फ्रँचायझीच्या विक्रीतले १.९ टक्के यायचे, त्यातला अर्धा टक्का भावांचा. उरलेल्या १.४ टक्क्यांत साम्राज्य उभं राहत नाही. म्हणून आधी जागा घ्यायची, ती फ्रँचायझीला भाड्याने द्यायची. भाडंही मिळतं आणि लगामही. नियम मोडलास तर जागा सोड. भावांच्या करारात जमिनीचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे ते पाहत राहिले.

हे वाक्य आता धंद्याच्या पोथीतलं झालं आहे आणि जिथेतिथे फेकलं जातं. भारतात त्याची परीक्षा घेतली तर ते अर्धंच उतरतं. १९९६च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आणि मुंबईत आलं ते दोन भागीदारांबरोबर निम्म्या-निम्म्या वाट्याने : उत्तरेत विक्रम बक्षी, पश्चिमेत अमित जाटिया. पुढे पश्चिमेत जाटियांकडे पूर्ण ताबा आला. जागा शोधणं, करार, भाडं, नोकर, तोटा हे सगळं इथल्या कंपनीच्या माथी आणि मूळ कंपनीला विक्रीवर रॉयल्टी. म्हणजे सोनेबॉर्नचं सूत्र उलटं झालं. परक्या देशात जमिनीची डोकेदुखी स्थानिकाने घ्यायची आणि परदेशी कंपनीने फक्त नाव द्यायचं. उत्तरेत मात्र भागीदारी बिनसली. बक्षींना २०१३मध्ये व्यवस्थापकीय संचालकपदावरून काढलं, खटले झाले, २०१७मध्ये परवाना रद्द केला गेला आणि २०१९मध्ये तडजोड होऊन बक्षी बाहेर पडले. या भांडणावर कुणी हिंदी सिनेमा काढला तर त्यात क्रॉक कोण आणि डिक कोण हे ठरवताना पटकथाकाराला घाम फुटेल.

सोनेबॉर्नचा खरा चेला शोधायचा तर बर्गरच्या बाहेर, किराण्यात शोधावा लागतो. २००२मध्ये मुंबईत पहिलं दुकान काढणाऱ्या डी-मार्टने भाड्याच्या मॉलमध्ये न शिरता बहुतांश ठिकाणी स्वतःची जागा घेण्याचा हट्ट धरला. फ्रान्सची कारफूर भारतात येऊन २०१४मध्ये गाशा गुंडाळून गेली. जर्मनीच्या मेट्रोने आपली घाऊक दुकानं रिलायन्सला विकली. परदेशी साखळी आली की स्थानिक मरतो हे भाकीत आपल्याकडे २०१२च्या एफडीआयच्या वादात किती छातीठोकपणे केलं गेलं होतं! फुलंब्रीच्या किराणा दुकानदाराला धाक वाटतो तो आज फ्रेंचांचा नाही. शहरात जाऊन महिन्याचं सामान गाडीत भरून आणणाऱ्या शेजाऱ्याचा आहे. असो.

सिनेमाचा कळसाचा प्रसंग जमिनीवर नाही, नावावर आहे. सह्या झाल्यावर स्वच्छतागृहात डिक विचारतो, पद्धत तर आम्ही तुला पहिल्याच दिवशी दाखवली होती, चोरून दुसरं दुकान का नाही काढलंस? क्रॉकचं उत्तर असं की पद्धत कुणीही उचलेल, मला तुमचं नाव हवं होतं. त्या नावात अमेरिका ऐकू येते. ‘क्रॉक’ नावाच्या दुकानात कोण जेवेल? कीटन हे जवळजवळ प्रेमाने बोलतो आणि म्हणून ते जास्त भयंकर वाटतं.

पटकथेने हा शोध एखाद्या गुपितासारखा राखून ठेवला आहे. आपल्याला मात्र तो १९९६पासून रोज डोळ्यांसमोर दिसत होता. इथे आलेल्या मॅकडोनाल्ड्सने गोमांस ठेवलं नाही, डुकराचं मांस ठेवलं नाही. ज्या पदार्थासाठी भावांनी खडू हातात घेतला तो पदार्थच इथल्या मेनूत नाही. बिग मॅकच्या जागी महाराजा मॅक आला, तोही आधी मटणाचा आणि मग कोंबडीचा. सगळ्यात जास्त ओळख मिळाली ती बटाट्याच्या टिक्कीला. शाकाहारी घरातल्या माणसाने हा धंदा पश्चिम भारतात वाढवला. पदार्थ गेला, नाव राहिलं. उलट दिशेचा दाखलाही आपल्याच गल्लीत आहे. वडापावच्या साखळ्या निघाल्या : मालाडहून २००१मध्ये जंबोकिंग, कल्याणहून २००४मध्ये गोली. गोलीने हाताने वळलेल्या वड्याचा नाद सोडून तळोज्याच्या ज्या कारखान्याकडून गोठवलेले वडे घेतले, तोच व्हिस्टा कारखाना मॅकडोनाल्ड्सच्या पॅटी करत होता. आणि जंबोकिंग पुढे ‘वडापाव’ हा शब्दच मागे ठेवून स्वतःला ‘इंडियन बर्गर’ म्हणवून घेऊ लागलं. एकाने परकं नाव ठेवून आतला माल आपला केला, दुसऱ्याने आपला माल ठेवून नाव परकं केलं. ‘द फाउंडर’ १९७०च्या आसपास थांबतो, म्हणून ही गंमत त्याला दिसत नाही. कंपनी १९६७मध्ये कॅनडात आणि १९७१मध्ये जपानात गेली. नाव सीमा कशी ओलांडतं ही खरी गोष्ट तिथून सुरू होते.

तिचा सगळ्यात नाट्यमय अंक मॅकडोनाल्ड्सचा नाहीच, तिच्या प्रतिस्पर्ध्याचा आहे, आणि तो पुण्यात घडतो आहे. एका इराणी दांपत्याचं ‘बर्गर किंग’ नावाचं हॉटेल पुण्यात १९९२च्या सुमारास सुरू झालं. १९५४पासून धंद्यात असलेल्या अमेरिकन बर्गर किंगने भारतात नावाची नोंदणी खूप आधी केली होती, पण दुकान उघडलं २०१४मध्ये. त्याआधीच, २०११मध्ये, तिने पुण्याच्या हॉटेलवर दावा लावला : आमचं नाव काढा, नुकसानभरपाई द्या. जिल्हा न्यायालयाने जुलै २०२४मध्ये दावा फेटाळला. कारण साधं होतं. अमेरिकन कंपनी भारतात यायच्या कितीतरी आधीपासून पुण्यात ते नाव चालू होतं. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई झाली. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

ऑस्ट्रेलियात याच कंपनीला वेगळा अनुभव आला होता. तिथे अ‍ॅडलेडमध्ये आधीच कुणाचं तरी बर्गर किंग होतं, म्हणून १९७१मध्ये तिथल्या फ्रँचायझीने ‘हंग्री जॅक्स’ या नावाने दुकान उघडलं आणि आजही तिथे तेच नाव चालतं. साम्राज्याला एका टपरीपुढे नाव बदलावं लागू शकतं, फक्त टपरीची नोंद आधी झालेली हवी. आपल्या रस्त्यावर किती ‘साईराज’, किती ‘जय मल्हार’, किती ‘हॉटेल सह्याद्री’ आहेत मोजा. नाव देवाचं किंवा डोंगराचं असतं, कुणी कुणाला हटकत नाही. हा सैलपणा मला आवडतो. पण क्रॉकसारखा माणूस गावात उतरला की याच सैलपणावर तो पहिलं बोट ठेवेल.

सिनेमात नसलेली एक गोष्ट मला सर्वात जास्त खटकते. दोन तासांत एकही शेतकरी नाही. बटाटे पोत्यातून येतात, मांस ट्रकमधून, आणि दूध तर क्रॉक पावडरने हटवतोच. (पावडरच्या शेकवरून भाऊ भडकतात तो प्रसंग सिनेमाला नैतिक कसोटी वाटतो. मला वाटलं, गवळ्याचं काय झालं ते तरी एका वाक्यात सांगा.) भारतात मात्र साखळी येण्याआधी शेत आलं. १९९६च्या आधी काही वर्षं कंपनीचे पुरवठादार इथे उभे केले जात होते. आइसबर्ग लेट्यूस तळेगावला पिकवायला लावलं, चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून आलं. गोठवलेली साखळी, म्हणजे शेतापासून काउंटरपर्यंत थंड गाडी, ही तिची खरी गुंतवणूक होती. ज्याच्या शेताजवळून ती गाडी गेली त्याला भाव मिळाला. फुलंब्रीचा मका, अद्रक त्या गाडीत बसत नाही. आमचा मका बाजार समितीतून व्यापाऱ्याकडे, तिथून कोंबडीखाद्याच्या कारखान्याकडे जातो. तिथून पुढे तो कुणाच्या बर्गरमध्ये शिरतो हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. साखळीत आम्ही आहोत, पण ‘पुरवठादार’ म्हणून नाही.

याच प्रश्नावर शेतकरी नेत्यांमध्ये दोन तट पडले होते. जानेवारी १९९६मध्ये नंजुंडस्वामींच्या रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळुरूतलं केएफसी फोडलं. इकडे शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने, डंकेल प्रस्तावाचं समर्थन करत उभे होते. मराठवाड्यात बिल्ला लावून फिरणारी पिढी त्यांना ऐकून मोठी झाली. माझा कल जोशींकडे आहे, एका अटीवर. बाजार खुला हवा तर करारातला कागदही शेतकऱ्याला वाचता यायला हवा. २०१९मध्ये पेप्सिकोने वेफर्सच्या बटाट्याचा नोंदणीकृत वाण लावला म्हणून गुजरातच्या शेतकऱ्यांवर एकेका कोटीचे दावे लावले आणि ओरड झाल्यावर ते मागे घेतले, तेव्हा कळलं की नावाची मालकी पाटीवर थांबत नाही, ती मातीतही उतरते.

तरीही सिनेमा पाहा. कीटनसाठी पाहा, डिकच्या भूमिकेतल्या निक ऑफरमनच्या मिटलेल्या ओठांसाठी पाहा. क्रॉकची पहिली बायको एथेल (लॉरा डर्न) जेवणाच्या टेबलावर बसून राहते, त्या रिकाम्या प्रसंगांत पटकथेने तिला काहीच दिलेलं नाही, तरी ती चेहऱ्यावर एक अख्खा संसार दाखवते. आणि शेवटच्या मजकुरावर फोन बाजूला ठेवू नका. आडनाव विकल्यावर भावांना आपल्या मूळ दुकानाची पाटी उतरवावी लागली. त्यांनी नवं नाव दिलं, ‘द बिग एम’. क्रॉकने समोरच मॅकडोनाल्ड्स उघडलं. दुकान तेच, हात तेच, बर्गरही तोच. काही वर्षांत ‘बिग एम’ बंद पडलं.

पुण्यातलं अपील अजून निकाली निघायचं आहे.